रग्बी लीगमध्ये बुटका खेळाडू टिकू शकतो का?

हो, रग्बीच्या या तेरा-तेरा खेळाडूंच्या प्रकारात तो नुसता टिकत नाही, सर्वोत्तम ठरू शकतो. इंग्लंडच्या लीड्स ऱ्हायनोज क्लबचा रॉब बरो बघा. उंची जेमतेम ५ फूट ५ इंच. समोर शंभर-शंभर किलोचे धिप्पाड गडी. तरी २००१ ते २०१७ तो एकाच क्लबकडून खेळला आणि सुपर लीग या तिथल्या सर्वोच्च स्पर्धेच्या आठ ग्रँड फायनल, म्हणजे विजेता ठरवणारे अंतिम सामने, जिंकला.

२०११ च्या फायनलमधली त्याची ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवून गुण मिळवणं) जरूर बघा. प्रतिस्पर्धी सेंट हेलेन्सच्या बचावपटूंच्या हाताखालून वाकून निसटतो आणि सुसाट सुटतो! सामनावीरही तोच. या खेळात सहा टॅकलनंतर (चेंडू असलेल्या खेळाडूला धरून पाडणं म्हणजे टॅकल) चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे सोडावा लागतो, म्हणजे संधी मोजक्याच; त्यामुळे दमलेल्या बचावातली फट क्षणात हेरणारा चपळ खेळाडू फार मोलाचा असतो. बरो सुरुवातीला स्क्रम-हाफ (हल्ल्याची सूत्रं हलवणारा) होता, पुढे हूकर (टॅकलनंतर चेंडू उचलून खेळ पुढे नेणारा) म्हणूनही खेळला.

२०१९ मध्ये त्याला मोटर न्यूरॉन या, स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान झालं. त्यानंतर त्याने आणि त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफील्डने या आजारासाठी प्रचंड निधी उभा केला, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीची थोरवी सांगताना हे कामही धरलंच पाहिजे. जून २०२४ मध्ये, अवघ्या ४१ व्या वर्षी तो गेला.

तेव्हा उंचीची काळजी सोडा, वेग आणि टॅकलिंगचं तंत्र यांवर मेहनत घ्या.