विडीवाले महाराज

प्रिय सई,

योगाच्या वर्गात तुला 'आय ॲम दॅट' हे पुस्तक सापडलं आणि त्यातले निसर्गदत्त महाराज विड्या विकायचे हे कळल्यावर तू मेसेज केलास : "आई, आपल्याकडे साधू दुकान चालवतात?"

हो गं, चालवतात. सावता माळी मळा करायचे, गोरोबाकाका मडकी घडवायचे. महाराजांच्या संप्रदायात दासबोध वाचतात आणि त्यात समर्थांनी बजावूनच ठेवलंय : 'आधी प्रपंच करावा नेटका'.

महाराज म्हणजे मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म १८९७चा, हनुमान जयंतीचा, म्हणून मारुती. लहानपण मालवणजवळ कांदळगावात गेलं. पुढे मुंबईत थोडी कारकुनी, मग विड्यांचं दुकान, लग्न, मुलंबाळं. १९३३ साली एका मित्राने त्यांना ओढत सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेलं. गुरूंनी सांगितलं, 'मी आहे' हे जे भान आहे ना, तेवढं धरून राहा. गुरू गेल्यावर मात्र महाराज घरदार सोडून निघाले. पण फिरून परत आले आणि पुन्हा गल्ल्यावर बसले! मला त्यांचं हे परत येणं फार आवडतं.

आश्रम वगैरे काही नाही. गिरगावातल्या दहाव्या खेतवाडीतल्या घराचा माळा, तोच दरबार. माझ्या आत्याच्या बिऱ्हाडापासून चालत दहा मिनिटं. युरोप-अमेरिकेतून आलेली माणसं त्या माळ्यावर मांडी घालून बसायची, प्रश्न इंग्रजीत विचारायची. महाराज उत्तर द्यायचे मराठीत, कारण इंग्रजी त्यांना येतच नव्हतं. मध्ये दुभाषा. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर मराठी शिकलेले होते. टेपवरच्या त्या संवादांचं इंग्रजी त्यांनी केलं आणि १९७३ साली मुंबईच्या 'चेतना'ने ते छापलं. तेच तुझ्या हातातलं पुस्तक. जग ते इंग्रजीत वाचतं, पण बोलणं आपल्या गिरगावातलं.

आणि हो, विडी ते नुसती विकत नव्हते, ओढायचेही. १९८१ मध्ये घशाच्या कॅन्सरने गेले. हे मुद्दाम लिहितेय, हॉस्टेलवर काय चालतं ते मला ठाऊक आहे.

पुस्तक वाचताना एखादं वाक्य अडलं तर ते मराठीत कसं म्हटलं असेल, असा विचार करून बघ. नाहीच जमलं तर रविवारी फोन कर. दोघी मिळून लावू.

तुझी,
आई