चांगला स्ट्रायकर नसेल तर कॉलेजची फुटबॉल टीम चॅम्पियन होऊ शकते का?

होऊ शकते. आमची झाली होती. चार सामन्यांत मिळून आम्ही गोल मारले ५ आणि खाल्ला १. गोल मारणारा कुणी नाही, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरायचं तरी कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी आमच्या टीमचा स्टॉपर होतो, म्हणजे बचावफळीतला मधला खेळाडू, ४ नंबर. त्यामुळे माझं उत्तर मागच्या फळीतूनच येणार.

जळगावच्या विद्यापीठाच्या नावात बहिणाबाई आल्या २०१८ साली. ही त्याच्या आधीची गोष्ट. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे या विद्यापीठाखाली येतात आणि आमचं कॉलेज त्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. अशा ठिकाणी कबड्डीला, व्हॉलीबॉलला पोरं आपणहून येतात, फुटबॉलला मात्र गोळा करावी लागतात. आमच्या अकरा जणांत आधी कधी स्टडचे बूट घातलेले चारच होते.

ग्राउंड काळ्या मातीचं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या मातीवर खेळलेल्याला माझं म्हणणं लगेच कळेल. दहा मिनिटांत बुटाखाली मातीचा थर बसतो, स्टड दिसेनासे होतात, पाय उचलताना वीट बांधल्यासारखं वाटतं. गोलपोस्टमागे आम्ही काटक्यांचा ढीग ठेवायचो. बॉल बाहेर गेला की पळत जायचं, तळवा खरवडायचा आणि परत यायचं. ऊन पडायला लागलं की त्याच मातीला भेगा पडतात, मग घोट्याची काळजी. चिखलात छोटा पास जातच नाही, बॉल पडेल तिथे बसतो. म्हणून आम्ही बॉल उंच उडवायला आणि हेडिंग करायला शिकलो. दुसरा इलाजच नव्हता.

उंच बॉल आला की आमची खरी अडचण सुरू व्हायची. तो घ्यायचा कुणी? एकतर तिघं धावायचे, नाहीतर तिघंही थांबायचे. पहिल्याच सराव सामन्यात आमचा कीपर माझ्यावर आदळला. माझी भुवई फुटली, तीन टाके पडले, आणि बॉल सावकाश घरंगळत गोलमध्ये गेला.

त्यात प्रत्येकाची बोली वेगळी. कीपर अमळनेरकडचा, घरी अहिराणी. राइट बॅक यावलचा, लेवा बोलीतला. लेफ्ट बॅक, ३ नंबर, धडगावच्या बाजूचा, त्याच्या घरी पावरी. सातपुड्याच्या चढांवर वाढलेला तो मुलगा. त्याच्याइतकं धावणारं आमच्यात कुणी नव्हतं, पण मैदानावर तो तोंडच उघडायचा नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या मराठीवर दोघं-तिघं हसले होते. त्यात मीही होतो. त्याची लाज मला आजही वाटते.

सरांनी कुणावर आवाज चढवला नाही. नियम एकच केला: आवाज न देता बॉलला पाय लावला की बॉल समोरच्यांना द्यायचा. शब्द कीपरचा घेतला, "मन्हा!" म्हणजे माझा. यावलवाला "मन्हा" ओरडायला लागला, मी ओरडायला लागलो. ३ नंबर ओठातल्या ओठात म्हणायचा. सर दर वेळी बॉल काढून घ्यायचे. असं पंधरा दिवस चाललं. तुमच्या टीमसाठी मी काही सुचवायचं तर हेच सुचवेन. शूटिंगच्या सरावातला अर्धा तास कमी करा आणि बॅक, कीपर, हाफ यांच्या डोक्यावर नुसते उंच बॉल टाकत राहा. शब्द एकच ठेवा, आणि बॉलला हात-पाय लागण्याआधी तो ऐकू आला पाहिजे.

स्पर्धा बाद पद्धतीची. पहिले दोन सामने २-० आणि १-० असे निघाले, तिन्ही गोल कॉर्नरवर डोक्याने. हाफटाइमला यावलवाल्याच्या शेतातली केळी, प्रत्येकाला दोन. एवढंच आठवतंय.

उपांत्य सामना मात्र जसाच्या तसा आठवतो. समोरची टीमही अहिराणी बोलणारी. आम्ही एका गोलने पुढे होतो. उत्तरार्धात आमच्या बॉक्समध्ये उंच बॉल आला, मी जीव तोडून ओरडलो, "मन्हा!" आणि त्यांचा फॉरवर्ड जागीच थबकला. त्याला वाटलं, त्याच्याच माणसानं मागितला. शिट्टी वाजली. मला पिवळं कार्ड आणि त्यांना तिथूनच इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे थेट गोल मारता येत नाही, आधी बॉल दुसऱ्या कुणाला लागावा लागतो. आपल्या माणसाला आवाज द्यायला नियमात बंदी नाही, पण आवाजानं समोरच्याचं लक्ष विचलित झालं तर कार्ड निघतं. मी मुद्दाम केलं नव्हतं, तरी रेफ्री चुकला असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांनी बॉल हलकेच सरकवला, दुसऱ्यानं मारला, १-१. हाच तो आम्ही खाल्लेला एकमेव गोल. पेनल्टीच्या टायब्रेकरमध्ये आम्ही ४-३ ने वाचलो, कीपरच्या कृपेनं.

त्या रात्री यजमान कॉलेजच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून आम्ही शब्द बदलला. आता प्रत्येकानं आपल्या जर्सीचा आकडा ओरडायचा. ४ नंबर समोरच्यांतही असतो, पण आकड्यानं हाक मारायची सवय त्यांना नसते, त्यामुळे फसायचा प्रश्न नाही. मी ३ नंबरजवळ जाऊन बसलो आणि पहिल्या आठवड्यातल्या हसण्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "झोप आता, उद्या धावायचंय."

फायनल मुरमाच्या ग्राउंडवर होती. आमच्या मातीच्या अगदी उलट. बॉल टप्पा पडून डोक्यावरून जातो, आणि घसरलात तर गुडघ्याचं कातडं जातं. बाराव्या मिनिटाला कॉर्नरवर आमचा गोल झाला आणि मग उरलेला सगळा वेळ त्यांनी आमच्यावर उंच बॉल टाकले. म्हणजे आम्ही दोन महिने ज्याचा सराव केला, नेमकं तेच.

शेवटची मिनिटं. लांबून फ्री किक आली. मी उडी घ्यायला वाकलो, कीपर लाइन सोडून पुढे आला. पुन्हा तोच सराव सामना होणार होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "तीन!" इतका मोठा आवाज त्याचा मी कधीच ऐकला नव्हता. मी डोकं खाली घेतलं, कीपर जागीच थांबला, आणि ३ नंबरनं बॉल डोक्यानं थेट साइडलाइनबाहेर घालवला. थ्रो झाला, आणखी एकदा बॉल आला, यावलवाल्याचा "दोन!" ऐकू आला, आणि सामना संपला.

पुढे विद्यापीठाच्या संघात आमचे दोघे निवडले गेले, कीपर आणि तो ३ नंबर. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाऊन आले.

फायनलच्या रात्री सर आम्हाला ढाब्यावर शेवभाजी खायला घेऊन गेले. वाढणाऱ्या पोऱ्यानं लेफ्ट बॅकला विचारलं, भाकरी किती आणू? तो म्हणाला, "तीन." आणि आख्खं टेबल डोकं खाली घालून बसलं.