'टेक दॅट' हा ब्रिटिश पॉप बँड सोडल्यावर गायक रॉबी विल्यम्सचं पुढे काय झालं?

बँडपेक्षा तोच मोठा झाला! स्टोक-ऑन-ट्रेंटचा हा पोरगा १९९० मध्ये, सोळाव्या वर्षी बँडमध्ये आला. दारू, ड्रग्ज, बाकीच्यांशी खटके सुरूच होते. जून १९९५ मध्ये ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात ओअ‍ॅसिस या रॉक बँडवाल्यांसोबत झळकला, तोही एक दात काळा रंगवून. पुढच्याच महिन्यात बँडमधून बाहेर.

१९९७ चा पहिला सोलो अल्बम आधी थंडच होता, 'एंजल्स'ने तारलं. गंमत म्हणजे हे गाणं ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावरच अडलं. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला त्याच्या कार्यक्रमांना तीन दिवसांत ३,७५,००० लोक! अमेरिकेत मात्र डाळ शिजली नाही. २०१० मध्ये 'टेक दॅट'च्या जुन्या मंडळींबरोबर 'प्रोग्रेस' हा अल्बम केला. २०२४ च्या चरित्रपटात तर तो चक्क चिंपांझी दिसतो. मला तरी ते शोभलं.