घराण्याच्या अल्बममधला समूहफोटो: आधी हे वाचा

चिकटलेला फोटो पानावरून सोलू नका. 1890 च्या आधीचे बरेचसे फोटो अल्ब्युमेन कागदावरचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे. तो इतका पातळ की ओढला की फाटतोच. पानासकट स्कॅन करा: 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके), टिफ फाइल, आणि रंगीतच. कृष्णधवल केलंत तर पिवळेपणा, गडद भागावरची चंदेरी झाक या कागद ओळखायच्या खुणाच जातात. बांधणी कडक असेल तर वरून कॅमेऱ्याने टिपा.

खालच्या नावांवर लगेच विसंबू नका. घराण्यात 'राजे', 'सरदार' अशी पदवी वडिलांमागे मुलाकडे जाते, त्यामुळे लिहिलेली पदवी बहुतेकदा फोटोखालची ओळ कधी लिहिली ते सांगते, फोटो कधीचा ते नाही. छातीवरचं पदक जास्त भरवशाचं: फोटो ते मिळाल्यानंतरचाच. नोंदीत प्रत्येकाची रांग आणि 'बघणाऱ्याच्या डावीकडून' कितवा ते लिहा. कडेला उभे नोकरही मोजा. त्यांना वगळलं की क्रमांक चुकतात.