बेटावर जायचंय, पण निवांत

प्रश्न: आम्हा दोघांना आठवडाभर एखाद्या शांत बेटावर नुसतं पडून राहायचंय, साइटसीइंग वगैरे काही नको. हॉटेल कुठल्या बाजूला घ्यावं आणि बाकी काय बघावं?

उत्तर: हॉटेलच्या फोटोंवर जाऊ नका, आधी वारा बघा. उष्ण कटिबंधात व्यापारी वारे बहुतेक पूर्वेकडून येतात, त्यामुळे बऱ्याच बेटांची पूर्व बाजू खवळलेली आणि पश्चिम बाजू शांत असते, वर सूर्यास्तही तिकडूनच दिसतो. पण मान्सूनच्या पट्ट्यात सीझनप्रमाणे वारा फिरतो हं, म्हणून तुमच्या महिन्यात तिथे काय असतं ते विचारूनच बुकिंग करा. दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. दोन्हींमध्ये साधारण सव्वासहा तास जातात, आणि उथळ किनारा असेल तर ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहायचं सोडून चालतच बसावं लागतं, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर जास्तच. पाण्यात ओढ लागून आत खेचले गेलात तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या, मग बाहेर.

शेवटच्या बोटीची वेळ नक्की विचारा, आणि परतीचं विमान त्याच दिवशी अजिबात ठेवू नका, हवा बिघडली की बोटी बंद. थोडी कॅश, नेहमीची औषधं, सनस्क्रीन सोबत घ्या (दर दोन तासांनी परत लावायचं, ढग असले तरी). आणि प्लॅन? तो नकोच, पुस्तक न्या.