१८व्या शतकातील गाऊन शिवताना मागे चेन चालेल का, टक्स किती घ्यावेत आणि कापड किती लागेल?

मागे चेन लावू नये. १७७०च्या दशकातील इंग्रजी पद्धतीचा गाऊन आपण शिवणार आहात आणि त्याची सारी शोभा पाठीवर असते: मानेपासून कमरेपर्यंत वरून बारीक टाक्यांनी बसवलेल्या चुण्या, ज्यांचे कापड कमरेशी न कापता तसेच खाली घेरात सुटते. तिथे चेन आली की चुण्या गेल्या. हा गाऊन पुढून उघडा असे आणि तो बहुधा टाचण्यांनी बंद करीत.

टक्सविषयी मात्र मला राहवत नाही. एका हौशी नाटकासाठी मी असाच गाऊन शिवत असताना माझ्या शिवणवर्गाच्या बाईंनी ठणकावून सांगितले, "टक्स नसतील तर चोळी अंगावर बसेलच कशी?" मी त्यांचे ऐकले आणि तयार झाला तो साडीवरचा ब्लाउज, खाली घेर जोडलेला. मग हार्डवेअरच्या दुकानातून जाड केबल टाय आणून मी जाड सुती कापडाची स्टेज, म्हणजे ताठ पट्ट्यांची आतली चोळी, शिवली (त्या काळी या पट्ट्या देवमाशाच्या जबड्यातील असत), ती मावसबहिणीला घालून नाड्या आवळल्या आणि मांजरपाटाचे अस्तर थेट तिच्या अंगावरच टाचण्यांनी बसवले. छाती शंकूसारखी सपाट झाल्यामुळे टक्समध्ये घेण्याजोगा झोळ उरलाच नव्हता. हाताने कापड खाली सारले की ते सुरकुती न पडता बसत होते. बाई ते पाहून एवढेच म्हणाल्या, "लांबून कोणाला कळते?" पहिल्या रांगेला कळते, हे मी तेव्हा बोलले नाही.

कापडाचे म्हणाल, तर त्या काळचे रेशीम साधारण २० इंच पन्ह्याचे असल्याने जुने आकडे आजच्या ४४ इंची कापडाला लागू पडत नाहीत. आधी स्टेज शिवा आणि ती घालूनच मापे घ्या. सॅटीन टाळा, सुती चीट घ्या. ब्रिटनमध्ये तिथल्याच छापील सुती कापडावरची बंदी १७७४ मध्ये उठली होती, त्यामुळे त्यानंतरच्या गाऊनला ती शोभते. अर्थात दोन प्रवेशांच्या मध्ये घाईने कपडे बदलायचे असतील, तर पुढच्या काठाखाली हूक लावण्यास माझी हरकत नाही.

ती पहिली चोळी बाईंनी अजून वर्गात टक्सचा नमुना म्हणून टांगून ठेवली आहे.