कोल्हापूरजवळच्या जंगलात मलबारी कर्णा या पक्ष्याचा आवाज येतो, पण तो दिसत नाही. कसा शोधायचा?

तो बहुतेक वेळा समोरच असतो, फक्त तुमच्याकडे पाठ करून. नराचं पोट लालभडक असतं, पाठ मात्र तपकिरी. चाहूल लागली की पाठ फिरवतो आणि मिनिटंच्या मिनिटं हलत नाही. म्हणून लाल रंग शोधत बसू नका. मधल्या उंचीच्या आडव्या, मोकळ्या फांदीखाली सरळ लोंबणारी लांब, चौकोनी टोकाची शेपटी शोधा. मादीचं पोट पिवळसर नारिंगी असतं. पुष्कळ जण तिला वेगळाच पक्षी समजतात.

चंदगड-तिलारी किंवा आंबोलीची दाट सदाहरित झाडी धरा, तीही सकाळी लवकर. घोगरं, संथ 'क्यू... क्यू...' ऐकू आलं की तिथेच थांबा. भृंगराज पक्ष्यासोबत इतर पक्ष्यांचा मिश्र थवा आला तर त्यात नक्की बघा. थव्याने उठवलेले किडे कर्णा झेप घेऊन टिपतो.

फेब्रुवारी ते मे विणीचा काळ. याची चोच सुतारपक्ष्यासारखी नाही, जिवंत लाकूड तिला फोडता येत नाही. बोटाने चुरा होईल इतका कुजलेला बुंधाच लागतो, आणि तो नर-मादी दोघं मिळून पोखरतात. अंडी साधारण दोन. असे बुंधे सरपणाला नेले की जंगल हिरवंगार दिसूनही कर्ण्याला घरटं करायला जागा उरत नाही. या दिवसांत मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका, आणि बुंध्याला हातही लावू नका, तो ढासळतो.